विश्लेषण : ई-मेलचे नियम लिहिणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी पाठवणाऱ्याची ओळख का तपासली नाही?

नागपुरात धरमपेठेतल्या किंवा मनीषनगरातल्या एखाद्या हौशी इंजिनीअरने घरच्या ब्रॉडबँडवर स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला आणि पहिली मेल स्वतःच्याच जीमेलवर पाठवली, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. मेल स्पॅममध्ये जाऊन पडते किंवा पोहोचतच नाही. मग एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नावांशी गाठ पडते. मेल खरोखर त्याच डोमेनकडून आली आहे का, हे तपासण्याच्या या नोंदी आहेत. त्या ज्या नियमावलीला बाहेरून जोडाव्या लागल्या, ती ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती लिहिणारे जॉन पोस्टेल १९९८ मध्ये गेले. आपण पाठवतो ती प्रत्येक मेल आजही त्यांनी आखलेल्या वाटेनेच जाते.

जॉन पोस्टेल कोण होते?

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडिना येथे झाला. लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. इंटरनेटच्या पायाभरणीतली तीन मोठी नावे एकाच सरकारी शाळेतून यावीत, हा योगायोग म्हणायचा. पुढे तिघेही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, म्हणजे यूसीएलएत, लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत एकत्र आले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवरचा पहिला संदेश याच प्रयोगशाळेतून निघाला.

त्याच वर्षी क्रॉकर यांनी ‘आरएफसी’ ही टिपणांची मालिका सुरू केली. नाव नम्र होते, ‘मते कळवा’ अशा अर्थाचे. पण इंटरनेटचे सगळे नियम पुढे या टिपणांतूनच ठरले. त्यांच्या संपादनाचे काम पोस्टेल यांच्याकडे आले आणि ते त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे जवळपास २९ वर्षे सांभाळले. दोनशेहून अधिक टिपणे त्यांनी स्वतः किंवा इतरांसोबत लिहिली.

दुसरे काम त्याहून कंटाळवाणे वाटेल असे होते. कोणत्या सेवेला कोणता क्रमांक द्यायचा, याची यादी ठेवणे. मे १९७२ मधल्या एका टिपणात त्यांनी सुचवले की असे क्रमांक वाटणारा एकच अधिकारी असावा, आणि तो आपणच असावा का, अशी मिश्कील शंकाही तिथेच जोडली. कोणी हरकत घेतली नाही. या यादीचेच पुढे ‘आयाना’ झाले. जगभरातले आयपी पत्ते, पोर्ट क्रमांक आणि डोमेनची सर्वांत वरची पातळी यांची नोंद ठेवणारी ही व्यवस्था. लांब दाढी, पायात सँडल, सुटीत सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पाठीवर सॅक टाकून भटकंती, अशा माणसाच्या टेबलावर अनेक वर्षे हे खाते चालले. १९७७ पासून ते टेबल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयएसआय या संस्थेत होते.

१९८२ च्या नियमावलीत नेमके काय होते?

त्याआधी ई-मेल नव्हती असे नाही. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्येच ‘अ‍ॅट’चे चिन्ह वापरून एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश पाठवला होता. पण मेल पोहोचवण्याचे काम फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलवर लादलेले होते. पोस्टेल यांनी ते वेगळे काढले, सोपे केले आणि ‘एसएमटीपी’ हे नाव दिले. त्यातला एस म्हणजे सिम्पल, आणि तो खरोखरच सोपा आहे. एक सर्व्हर दुसऱ्याला नमस्कार करतो, मेल कोणाकडून आहे ते सांगतो, कोणासाठी आहे ते सांगतो आणि मजकूर देऊन मोकळा होतो. यासाठी पोर्ट क्रमांक ठरला २५. आजही तोच आहे.

सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत टाकलेल्या पाकिटाचा विचार केला तर ही रचना लगेच कळते. पाकिटावर प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते. आतल्या पत्राच्या मथळ्यावर आणखी तिसऱ्याचे नाव असू शकते. पेटीतून पत्रे काढणारा कर्मचारी यातले काहीच तपासत नाही. ई-मेललाही अशी दोन नावे असतात. एक सर्व्हरला सांगितलेले, ‘पाकिटावरचे’, आणि दुसरे वाचणाऱ्याला स्क्रीनवर दिसणारे, ‘आतले’. १९८२ च्या नियमांनुसार दोन्ही पाठवणारा सांगेल ती. पडताळणी नाही.

आणखी एक तरतूद होती, रिलेची. एखाद्या सर्व्हरला पत्ता असलेल्या ठिकाणी थेट पोहोचता येत नसेल, तर तो मधल्या कोणत्याही सर्व्हरकडे मेल देऊ शकत असे आणि तो ती पुढे ढकलत असे. तेव्हा जाळी अनेक, त्यांच्यातले दुवे मोजके आणि तेही कधी चालू कधी बंद. शेजाऱ्याचे पत्र पुढे पोहोचवणे हा त्या जगात सभ्यपणा होता. १९९० च्या दशकात जाहिरातबाजांनी याच सभ्यपणाचा फायदा घेऊन परक्यांच्या सर्व्हरवरून लाखो मेल उडवल्या. कोणासाठीही मेल पुढे पाठवणारा ‘ओपन रिले’ ठेवणे हा आज सर्व्हर चालवणाऱ्याचा मोठा दोष समजला जातो.

त्यांना धोका दिसलाच नव्हता का?

दिसला होता, आणि फार लवकर. नोव्हेंबर १९७५ मध्ये, एसएमटीपीच्या जवळपास सात वर्षे आधी, पोस्टेल यांनी नकोशा मेलच्या प्रश्नावर एक लहानसे टिपण लिहिले. त्याचा क्रमांक ७०६. मुद्दा असा की, एखाद्या संगणकाने नको ते संदेश पाठवायला सुरुवात केली तर ते नाकारण्याची सोय समोरच्या संगणकाकडे नाही. प्रत्येक संदेश आधी घ्यावा लागतो, वाचावा लागतो, मगच तो टाकाऊ होता हे कळते. पाठवणारा बिघडलेला असो किंवा नुसताच त्रासदायक, घेणाऱ्याची क्षमता त्यातच संपू शकते. म्हणून ठरावीक ठिकाणांहून येणारे संदेश दारातच अडवता यावेत, असे त्यांनी सुचवले. १९७८ मध्ये एका अमेरिकी संगणक कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकगठ्ठा जाहिरात धाडली. स्पॅमचा इतिहास साधारणपणे तिथून मोजला जातो. पोस्टेल यांचे टिपण त्याच्याही आधीचे.

मग सात वर्षांनी नियम लिहिताना त्यांनी ओळखीची सोय का केली नाही? एक कारण तांत्रिक. १९८२ मध्ये ओळख पटवायला पुरावा ठेवायचा कुठे, हाच प्रश्न होता. डोमेनची व्यवस्था अजून जन्मायची होती. कोणता संगणक कुठे आहे, याची एकच यादी एका संस्थेत ठेवली जायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. दुसरे कारण त्या जगाचे. मेल पाठवणारे संगणक मोजता येण्याइतके होते आणि प्रत्येकामागे एक ओळखीची संस्था होती. गैरवागणूक झाली तर फोन करता येत असे.

तिसरे कारण त्यांच्या विचारपद्धतीत सापडते. आपण पाठवताना काटेकोर राहावे, दुसऱ्याचे घेताना उदार असावे, हे तत्त्व त्यांनी १९८० मध्ये प्रोटोकॉलच्या टिपणात मांडले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वेगवेगळ्या कंपन्यांची, अर्धवट लिहिलेली सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलू शकली ती या उदारपणामुळे. त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली हेही खरे. त्यांना भाबडे ठरवणे आज सोपे आहे, पण १९८२ मध्ये दारावर पहारेकरी बसवला असता तर ई-मेल इतकी पसरली असती का, याचे उत्तर बहुधा नाही असेच येईल.

पुराव्याची जागा तयार कशी झाली?

एसएमटीपी प्रसिद्ध झाली त्याच महिन्यात पोस्टेल आणि झॉ-सिंग सू यांचे नावांच्या रचनेवरचे टिपणही आले. १९८३ मध्ये पोस्टेल यांनी आयएसआयमधले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांना आलेले प्रस्ताव तपासून मार्ग काढायला सांगितले. मोकापेट्रिस यांनी सगळे बाजूला ठेवून नवीच रचना केली. ती म्हणजे डीएनएस. प्रत्येक डोमेनचा मालक स्वतःच्या नोंदी स्वतः ठेवतो आणि जगातला कोणीही त्या विचारू शकतो. १९८७ च्या नियमावलीत ‘टीएक्सटी’ नावाचा एक साधा नोंदप्रकार आहे. त्यात मालकाने हवा तो मजकूर लिहावा. त्यावेळी त्याचा ठळक असा उपयोग नव्हता. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी याच रिकाम्या रकान्यात बसल्या.

भारतीय पत्त्यांचा धागाही इथेच जुळतो. भारताचे ‘डॉट इन’ हे डोमेन ८ मे १९८९ रोजी नोंदले गेले, आयानाच्या, म्हणजे पोस्टेल यांच्या वहीत. जबाबदारी मिळाली मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेला. डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालची ही संस्था तेव्हा आयआयटी आणि संशोधन संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ उभारण्यात गुंतली होती. सामान्य भारतीयांसाठी इंटरनेट त्यानंतर सहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. नागपूरच्या व्हीएनआयटीचा पत्ता ‘एसी डॉट इन’ने संपतो, त्याचे मूळ जुहूच्या त्या नोंदीत आहे. देशांची डोमेन कोणाला द्यायची याचे निकष पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये लिहून काढले. डोमेन सांभाळणारा मालक नसून विश्वस्त आहे, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. कोणता प्रदेश देश आणि कोणता नाही, हा वाद त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक यादीवर सोडून दिला.

एका मेलने इंटरनेट कसे दुभंगले?

जानेवारी १९९८ पर्यंत डोमेन हा पैशाचा धंदा झाला होता. अमेरिकी सरकारच्या कंत्राटाखाली नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी डॉट कॉमची नोंदणी करत होती आणि डीएनएसची मूळ यादी तिच्या सर्व्हरवर होती. बाकीचे बारा रूट सर्व्हर तिथून प्रत घेत. हे नियंत्रण कोणाकडे असावे, यावर सरकार आणि तंत्रज्ञ यांच्यात ताणाताणी सुरू होती.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी बारापैकी आठ रूट सर्व्हरच्या चालकांना एक मेल केली. मूळ यादी यापुढे कंपनीच्या सर्व्हरऐवजी आयानाच्या सर्व्हरवरून घ्यावी, एवढाच आशय. आठही जणांनी ते केले. काही दिवस इंटरनेटच्या मुळाशी दोन सत्ता होत्या. दोन्हीकडची यादी सारखीच असल्याने कोणाला काही जाणवले नाही. बिल क्लिंटन यांचे सल्लागार इरा मॅगझिनर यांनी दट्ट्या दिल्यावर पोस्टेल यांनी आठवडाभरात सारे पूर्ववत केले आणि ती एक चाचणी होती असे सांगितले. ती चाचणी होती की इशारा, यावर अजूनही वाद होतो. नुसत्या चाचणीसाठी त्यांनी वेळ मात्र फारच नेमकी साधली होती.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचे एवढेच की, ती मेलही त्याच जुन्या एसएमटीपीने गेली. कोणाच्याही नावाने पाठवता येईल अशा व्यवस्थेतून आलेल्या एका मेलवर जगाच्या पत्तेवहीचे मूळ हलले. चालकांनी ऐकले ते पोस्टेल या माणसाला वर्षानुवर्षे ओळखत असल्यामुळे. त्या आठांपैकी एक होते पॉल व्हिक्सी. २००२ मध्ये याच व्हिक्सी यांनी पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता डीएनएसच्या मदतीने कसा पकडता येईल याचा प्रस्ताव मांडला. एसपीएफच्या पूर्वजांपैकी तो एक.

पोस्टेल यांच्यानंतर काय बदलले?

१६ ऑक्टोबर १९९८ रोजी हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे लॉस एंजेलिसमध्ये पोस्टेल यांचे निधन झाले. वय ५५. आयानाचे काम ज्या ‘आयकॅन’कडे जायचे होते, ती संस्था स्थापन होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्याच शाळेत शिकलेल्या सर्फ यांनी त्यांच्यावरचा मृत्युलेख आरएफसी म्हणूनच प्रसिद्ध केला. क्रमांक २४६८.

डिसेंबर १९९८ मध्ये वापरकर्त्याने मेल सोपवण्यासाठी ५८७ हे वेगळे पोर्ट ठरले. मार्च १९९९ मध्ये एसएमटीपीत पासवर्डची सोय आली. म्हणजे स्वतःच्या सर्व्हरकडे ओळख देण्याचा प्रश्न सुटला. दोन अनोळखी सर्व्हरमधला राहिला.

त्यावर पहिला उपाय एसपीएफ. मेंग वेंग वाँग यांनी २००३ मध्ये निरनिराळे प्रस्ताव एकत्र केले आणि २००६ मध्ये त्याचा आरएफसी झाला. डोमेनचा मालक टीएक्सटी नोंदीत जाहीर करतो की, माझ्या नावाने मेल फक्त या आयपी पत्त्यांवरून येईल. घेणारा सर्व्हर ‘पाकिटावरचे’ डोमेन पाहतो, नोंद विचारतो आणि समोरच्याचा आयपी जुळवतो. मर्यादा स्पष्ट आहे. आतल्या, वाचकाला दिसणाऱ्या नावाला एसपीएफ हातच लावत नाही. शिवाय मधल्या कोणी मेल फॉरवर्ड केली की आयपी बदलतो आणि तपासणी फसते.

डीकेआयएम (२००७) पत्त्याऐवजी मोहोर पाहते. पाठवणारा सर्व्हर खासगी किल्लीने मेलवर डिजिटल सही करतो, सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये असते. मजकूर आणि सही केलेले मथळे वाटेत बदलले नाहीत, तर मेल कितीही हात फिरली तरी सही टिकते.

डीमार्कची घोषणा २०१२ मध्ये झाली. ते दोन्ही निकाल घेऊन नेमका राहिलेला प्रश्न विचारते: पास झालेले डोमेन आणि वाचकाला दिसणारे डोमेन एकच आहे का? दोघांपैकी एका तपासणीत तरी तसे असावे लागते. नसेल तर मेल जाऊ द्यायची, स्पॅममध्ये टाकायची की परत लावायची, हे डोमेनचा मालक नोंदीत सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलकडे दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या, बाकीच्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी निदान एक.

घरच्या सर्व्हरवरून मेल पाठवायची तर?

थेट पाठवणे सहसा जमत नाही. घरच्या जोडणीचा आयपी बदलता असतो, अनेकदा शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो. पोर्ट २५ बाहेर जाताना बऱ्याच सेवा बंदच ठेवतात. आयपीवरून नाव सांगणारी उलट नोंद आपल्या हातात नसते. स्पॅमहाउससारख्या याद्यांत घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे आधीच नोंदलेले असतात.

म्हणून पोस्टेल यांच्या नियमावलीतला रिले पुन्हा कामी येतो, यावेळी पासवर्डसह. घरचा सर्व्हर मेल तयार करतो, ५८७ वरून एखाद्या भाड्याच्या सर्व्हरला किंवा रिले सेवेला देतो आणि तो ती जगात पाठवतो. पोस्टफिक्समध्ये यासाठी ‘रिलेहोस्ट’ ही एक ओळ आणि लॉगिनची माहिती लागते. घोटाळा होतो तो नोंदींमध्ये. एसपीएफमध्ये घरचा आयपी लिहून उपयोग नाही, कारण जगाला दिसतो तो रिलेचा आयपी. तोच तिथे हवा. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच. दोन केल्या तर दोन्ही निकामी. तिच्यातून होणारे डीएनएसचे शोधही दहाच्या आत हवेत.

त्याहून फसवी अडचण म्हणजे अनेक रिले सेवा परत येणाऱ्या मेल स्वतः हाताळण्यासाठी पाकिटावर स्वतःचे डोमेन लिहितात. मग एसपीएफ पास होते, पण सेवेच्या नावाने. तुमच्या नावाने नाही. डीमार्कच्या लेखी तो निकाल शून्य. इथे वाचवते ती डीकेआयएमची सही. ती शक्यतो घरच्या सर्व्हरवरच, मेल रिलेकडे देण्याआधी, स्वतःच्या डोमेनने करावी आणि खासगी किल्ली घरातच ठेवावी. रिलेने मात्र तळाशी जाहिरात किंवा टीप चिकटवता कामा नये, नाहीतर सही मोडते. हे सगळे जमले का, ते जीमेलवर संगणकातून मेल उघडून मेनूतल्या ‘शो ओरिजिनल’मध्ये दिसते. तिथे तीन ओळींपुढे तीन निकाल असतात.

डीमार्कची नोंद सुरुवातीला नुसत्या निरीक्षणाच्या पातळीवर ठेवून तिच्यात अहवालासाठी पत्ता देता येतो. मग मोठ्या मेल कंपन्या साधारण रोज एक अहवाल पाठवतात: आपल्या नावाने कोणत्या आयपीवरून किती मेल आल्या, किती पास, किती नापास. हे अहवाल येतात ई-मेलनेच, पोर्ट २५ वरून.